शेण त्यांचं, खड्डा आमच्या दारात

भिलाई, रविवार, फेब्रुवारी १९७६

पलूसकडनं मावसभाऊ पांडू इथं कामाला आलाय. म्हणाला, "गड्या, गावात गोबरगॅस येतोय. खड्डा आपल्या बौद्धवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत."

शेण सरपंचाच्या गोठ्यातलं, गॅस त्याच्याच चुलीला, आणि वास आम्ही घ्यायचा! गोठ्यामागची त्याची पडीक जागा त्याला दिसली न्हाई? आमच्या सभा, आमची लग्नं त्याच तुकड्यावर होतात. मे महिन्यात माझंही तिथंच ठरलंय.

"आबा काय म्हणाले?" मी वडलांचं विचारलं.

"व्हय म्हणाले. सरपंचानं खुर्चीवर बसवून कपात चहा दिला त्यांना."

कपात चहा! एवढ्यावर विरघळले? मी तिथं असतो तर मीही विरघळलो असतो का? छट्. इथं कँटीनात सगळ्यांचे कप एकच. त्या सरपंचाच्या कपावर मी थुंकतो.

पुढच्या महिन्यात खणायला घेणार म्हणे. उद्याच मुकादमाकडं सुट्टी मागतो. आपल्यात मुहूर्त बघत न्हाईत, लय बरं हाय. गेल्या गेल्या त्या जागेवर मांडव घालून माझं लग्न लावून घेतो. आणि लग्न उरकलं तरी मांडवाची एक मेढ उपटणार न्हाई. बघू, नवरीच्या मांडवात कोण कुदळ मारतंय.