वर्षभर जपलेलं पाणी

८ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इथे मजेत आहोत. तुम्हीही असाल असं धरून पुढे जाते, कारण सांगायचं बरंच आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला आता लख्ख दिसतं आणि त्याचा त्रास मला होतोय. काल स्टुलावर चढून तिने पंख्याची पाती पुसली आणि आपण इतकी वर्षं काय घाणीत राहत होतो, हे मला दिवसभर ऐकवलं. आमच्या प्रयोगशाळेच्या बोटवाल्या काकांना नातू झाला. त्याचं वजन ते दशांशासकट सांगत फिरतात. वहिनीचा खोकला गेला का? तू मेव्हण्याच्या वखारीत लाकडं मोजतोस आणि फोनवर आईला अजून ओहोटीची वेळ विचारतोस, हे मला कळतं बरं का.

आता खरी बातमी. खाडी उघडतेय. येत्या पंचवीस तारखेपासून कालवं काढायला परवानगी आहे. सात वर्षांनी! मी परवानगीचा तो कागद चारदा वाचला आणि आमच्या मॅडमच्या टेबलापुढे उभी राहून रडले. त्या म्हणाल्या, कागदावर पाणी पाडू नकोस, मूळ प्रत आहे.

तू म्हणशील, हे कसं शक्य आहे? सलग तीन वर्षं पाण्यातल्या रसायनांचा आकडा मर्यादेखाली हवा होता. पहिलं वर्ष जमलं, पण गेल्या वर्षी आकडा वर गेला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजायचं ठरलं. तुझं गणित बरोबर आहे. चुकीचा होता तो गेल्या वर्षीचा आकडा.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, प्यायले, कप विसळला, ओटाही पुसला. आता काही काम उरलेलं नाही, तेव्हा लिहिते.

या वर्षीचा आकडा इतका खाली आला की प्रयोगशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र जुने आकडे काढून बसले. नदीच्या वरच्या अंगाचा तो कापडाला पाणी लागू न देणारा कारखाना बंद पडला, पण त्याची रसायनं कुजत नाहीत की मोडत नाहीत. आपली थोरली आत्या मुक्कामाला आली की कशी लवकर हलत नाही, तशीच ती. एका वर्षी चढायचं आणि पुढच्याच वर्षी धाडकन उतरायचं, हा त्यांचा स्वभाव नाही.

मग मला गेल्या वर्षी नमुना घेतला तो दिवस आठवला. पाऊस भुरभुरत होता. मी बोटीच्या कडेला वाकून बाटली भरत होते आणि अंगात नवंकोरं निळं जॅकेट होतं. पाऊस झटकून टाकणाऱ्या कापडावर त्याच जातीची रसायनं असतात. असं जॅकेट घालून नमुना घ्यायचा नाही, हा नियम आमच्या भिंतीवर लावलाय, आणि तो लिहिलाय मीच. बाहीवरून ओघळलेलं पाणी बाटलीच्या तोंडाशी गेलं असणार. आम्ही मोजतो ते इतकं सूक्ष्म की तेवढंही पुरतं.

चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, जादा बाटल्या आहेत का? होत्या. काका दर वेळी बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसून एक वेगळा संच भरतात, अंगात तोच कोपरावर विरलेला स्वेटर घालून. वाद झाला तरच तो संच उघडायचा असतो. तो शीतखोलीत वर्षभर पडून होता. मी जॅकेटचा एक तुकडा कापून स्वच्छ पाण्यात भिजवला आणि दोन्ही पाणी तपासायला लावली. काकांचं पाणी मर्यादेखाली आलं. जॅकेटच्या पाण्यात मात्र नेमकी माझ्या बाटलीतलीच रसायनं, त्याच प्रमाणात. ती मोडत नाहीत हा आपला सात वर्षांचा वैताग, पण म्हणूनच तर वर्षभर साठवलेल्या पाण्यावर विश्वास ठेवता आला.

मला मेमो मिळाला. धक्क्यावर सूचना लागली, माझ्या नावासकट आणि चुकीसकट. जाळी विणणारी मावशी म्हणाली, आम्ही वर्षभर समुद्राला शिव्या घातल्या, तुझं नाव आधी कळलं असतं तर त्याला तरी सोडलं असतं. सगळे हसले आणि मीही हसले.

सगळ्यांना सांगून झालं. तुला सगळ्यात शेवटी लिहितेय, कारण बाकी कुणाची भीती नव्हती.

दादा, ते जॅकेट तू दिलेलं होतं. पहिलं वर्ष पार पडलं तेव्हा मोठ्या हौसेने आणलं होतंस, मी समुद्रावर भिजते म्हणून. नियम मला पाठ होता. पण तू धक्क्यावर उभा असणार आणि मी ते घातलेलं तुला दिसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. याहून शहाणं कारण माझ्याकडे नाही. आकडा वर गेला तेव्हा तूच माझी समजूत काढलीस. "तू काय करणार गं, तू फक्त मोजतेस," म्हणालास. आणि आठवड्याने होडी काकांकडे सोपवून, घराला कुलूप लावून निघून गेलास.

काकांनी होडीचं बूड खरवडून तिला रंग दिलाय. पंचवीसला ओहोटी सकाळी सहा चाळीसला आहे. पहिली होडी तुझीच असेल, असं वस्तीने ठरवलंय, आणि त्यात माझा हात नाही. आईकडे माझी खुशाली विचारायची आणि फोन ठेवायचा, हे आता पुरे. तुला रागवायचंच असेल तर समोर येऊन रागाव. मी मान खाली घालून ऐकेन, आणि तू आलास याचा आनंद तोंडावर दिसू न द्यायचा प्रयत्न करेन. तो मला जमणार नाही.

गेल्या वर्षी तुला आकडा कळवला, त्या कागदाखाली मी हुद्द्यासकट सही केली होती. सख्ख्या भावाला. आज हुद्दा लिहीत नाही.

तुझं एक वर्ष वाया घालवलेली,
आणि तरीही तुझीच,

ठमी