बाबांच्या कोपराखालचा हात

मंगळवार, संध्याकाळ

काल मी लिहिलं की क्लासमध्ये बाबांना जमिनीवरून मी उठवलं. ते खरं नाही. माझा हात त्यांच्या कोपराखाली होता, पण त्यावर भार आलाच नव्हता. मग मी तसं का लिहिलं? सवय, दुसरं काय.

गुडघ्यांमुळे बाबा विहारात वंदनेला मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. सगळे खाली, हे एकटे वर. त्यांच्या मनाला ते फार लागतं. म्हणून तर हा ताकदीच्या व्यायामांचा क्लास. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी खुर्चीतून उठबस, मग हातात थोडं वजन, असं करत करत त्यांना जमिनीपर्यंत आणलं. काल मला म्हणाल्या, "ताई, तुमचा हात काढा आता."

बाबा म्हणाले, "मॅडम, तिलाही एखादं वजन द्या. हात मोकळे राहिले की ती काळजी करते."

सगळे हसले. मी हात काढला नाही.

आज चहा घेऊन बाहेर आले, तर बाबा जमिनीवर मांडी घालून पेपर वाचत होते. मला पाटीवर अक्षरं शिकवायचे तेव्हा असेच बसायचे. माझे दोन्ही हात ट्रेला अडकलेले. पडले तर? ते एक हात टेकवून सावकाश उठले आणि स्वतःच कप घेतला.

"साखर कमी आहे," म्हणाले.

मी हसतच सुटले. साखर आणायची राहिलीच.

विहारात त्यांची खुर्ची दर वेळी मीच मांडते. येत्या रविवारी मांडणार नाही.