पदर सावरण्याआधीचा फोटो

प्रिय शेवंतामावशी,

समोर असतीस तर अहोजाहोच केलं असतं. पण नऊ वर्षं तू माझ्या दुपारच्या डुलकीत येतेयस, आणि स्वप्नातल्या माणसाला तुम्ही कोण म्हणतं गं?

गेल्या आठवड्यात तुझ्या मीनाचा फोन आला. "आई गेली. तेराव्याला फोटो लावायचाय. अल्बम आगीत गेले, नंतर तिने कुणाला काढूच दिला नाही. तुमच्याकडे असेल ना?" मी हो म्हणायच्या आत म्हणाली, "पेपरातला नको हां. तो सोडून कुठलाही." म्हणून हे लिहितोय.

घाटकोपरच्या डोंगरावरची तुमची चाळ जळाली त्या सकाळी धूर एवढा होता, की पायऱ्या वर कुठे जातात तेच दिसेना. तू जळक्या चौकटीत उभी. मी कॅमेरा उचलला तर लेकाला हाक मारावी तसं म्हणालीस, "थांब रे झिला, पदर सारखो करतंय." मनात म्हटलं, घर गेलं आणि ही बाई पदराचं काय घेऊन बसलीय! सावरण्यासारखं तेवढंच उरलं होतं तुझ्याकडे, हे मला कळायला हवं होतं.

मी थांबलो नाही. आम्हा फोटोवाल्यांची घाणेरडी सवय ही. माणूस सावरलं की फोटो गेला. तुझा हात डोक्याकडे चाललेला, तोंड बोलायला उघडलेलं, आणि मी क्लिक केलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तू कपाळ बडवत होतीस. खाली छापलं होतं, 'सर्वस्व गमावलेली आई'.

सगळ्यांना वाटलं, तुझं लेकरू गेलं. लोक सांत्वनाला यायचे आणि मीनाच त्यांना पाणी द्यायची! शाळेत पोरी तिला विचारायच्या, "तू मेलीस ना गं?" ब्लँकेट वाटपाचे फोटो काढायला आलो तेव्हा हे ऐकलं. खुलासा छापा म्हणायला काय धाड भरली होती मला? बक्षीस मिळालं होतं ना! तुमची वाट लागली आणि माझं झकास झालं.

त्या दिवशी तू ओळखलंस मला. दोन मालवणी शिव्या तरी हासडायच्यास! नुसतं "चाय घे" म्हणालीस आणि माझ्या बॅगेकडे बघत राहिलीस. मला वाटलं, कॅमेऱ्याला घाबरतेस.

स्वप्नातही भांडत नाहीस. धूर, चौकट, तुझा वर गेलेला हात. तो हात खालीच येत नाही गं.

मीनाच्या फोननंतर जुनी हार्डडिस्क उघडली. छापलेल्याच्या लगेच पुढचा फोटो होता! पदर डोक्यावर नीट. नजर सरळ माझ्याकडे. हसू नाही, पण 'हां, आता काढ' असा चेहरा. मी काढला होता आणि विसरलो होतो.

तो घेऊन मीनाकडे गेलो, सगळं कबूल केलं. तिने फोटो हातात घेतला. मग म्हणाली, "हाच होय! दुसरा काढायला कुणी आलं की आई म्हणायची, माझो बरो फोटो आसा त्या झिलाकडे. तो हाडून देतलो."

मावशी, मी तो आणून देईन म्हणून नऊ वर्षं तू वाट बघितलीस? बॅगेत तोच शोधत होतीस ना?

काल हार घातला. पेपरला खुलासा लिहून दिलाय. ते छापोत न छापोत, तो जुना फोटो मी जिथे दाखवीन तिथे सांगेन, ही बाई रडत नव्हती, पदर सावरत होती, आणि तिची लेक जिवंत आहे. आणि पुन्हा कुणी 'थांब' म्हणालं तर मी थांबेन. फोटो गेला तर गेला.

तुझा, उशिरा आलेला झील,
सतीश