हरणाऱ्यानं दारात कविता म्हणायची

सोम. १४ ऑगस्ट २०२३
बीप... बीप... बीप. पहाटे कानात तोच आवाज. कळवणच्या शाळेत हेडसरांनी टेबलावर रेडिओ आणून ठेवलेला. नुसती खरखर, आणि मग त्या खरखरीतून तो बारीक टिवटिवाट. रशियाचा पहिला उपग्रह! आम्ही चौथीत. भगवान कानात म्हणाला, "आत चिमणीचं पिल्लू अडकलंय."
त्या दिवसापासून मी रशियाचा. मी रशियाचा, म्हणून तो अमेरिकेचा. पैज लागली, चंद्रावर माणूस आधी कोणाचा? हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या दारात उभं राहून चांदोबाची कविता म्हणायची, तो दार उघडेपर्यंत. हरलो मी. भ.नं तीनदा म्हणायला लावली, मग कडी काढली. सगळी गल्ली हसत होती.
संध्याकाळी त्याचाच फोन. "मास्तर, आता रशिया आन आपण, दोघंबी निघालेत चंद्राच्या दक्षिण टोकाला. तू रशियाचाच ना?"
"छे! मी आपल्या यानाचा."
"मग मला दे रशिया. पैज तीच."
या वयात! पण हो म्हटलं.

बुध. १६
मी शिकवायचो त्या शाळेतून फोन. २३ला हॉलमध्ये मोठा पडदा लावणार, मुलांना यान उतरताना दाखवणार. "सर, आधी तुम्ही चंद्राची एखादी कविता म्हणा." दिवसभर तरंगत होतो. आरशासमोर म्हणूनही पाहिली.
रात्री संदीपला विचारलं. "बाबा, त्या दिवशी कंपनीत ऑडिट. मनीषालाही सुट्टी नाही. नेणार कोण?"
मी एकटा जाईन म्हटलं.
द्वारका. त्याच्या-माझ्या, दोघांच्याही मनात तेच. जूनमध्ये रेडिओचे सेल आणायला निघालो आणि द्वारकेच्या चौकात उभा राहिलो. कुठून आलो, जायचं कुठं, सगळं पुसलेलं. फळ्यासारखं. एका रिक्षावाल्यानं घरी आणलं. तेव्हापासून संदीप-मनीषा अंबडला कामावर गेले की बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप. आतलं लाकडी दार तेवढं माझ्या हातात. ते उघडायचं, जाळीतून जिना बघायचा, लावायचं.
कविता सगळ्या पाठ आहेत. एक ओळ हललेली नाही. घराचा रस्ताच कसा...

रवि. २०
रशियाचं यान कोसळलं. इतक्या वर्षांनी निघालं होतं बिचारं. पैज मी जिंकत होतो, तरी चहा गेला नाही. ते चिमणीचं पिल्लू आठवलं.
भ. चा फोन. "पडलं रे तुझं!"
"माझं कुठलं? तुझं!"
"आपलं उतरू तर दे. उतरलं की येतो नाशकाला. दारात म्हनतो कविता, लय जोरात."
म्हणजे जाळीचं कुलूप त्याला दिसणार. म्हटलं, "येऊ नकोस. २३ला मी शाळेत आहे. घराला कुलूप असेल."
कुलूप असेल, एवढं तरी खरं.

सोम. २१. नागपंचमी
मनीषानं पहाटे उठून पुरणाची दिंडं उकडली. माझ्या ताटात दोन जास्त. तूप वाढताना तिला म्हटलं, "सूनबाई, परवा एक दिवस किल्ली ठेवून जा."
तिचा हात थांबला. "बाबा, मागच्या वेळी ह्यांनी कुठली कुठली हॉस्पिटलं पालथी घातली, तुम्हाला माहीत नाही. कंपनीच्या गेटवर रडत होते."
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चांगली आहे पोर. तेच तर.

मंगळ. २२
पावसानं दडी मारलीय. संध्याकाळी गॅलरीच्या गजांतून चंद्राची कोर. आपलं यान तिथं घिरट्या घालतंय, मी इथं.
शाळेला फोन केला. प्रकृती बरी नाही म्हणून सांगितलं.

बुध. २३
दुपार. कुलूप लागलं. संदीप बाहेरून म्हणाला, "बाबा, टीव्हीवर सगळं नीट दिसेल." त्याचा आवाज बरा नव्हता.

संध्या. उतरलं! उतरलं!! टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या कशा वाजतात... खाली पोरं फटाके लावताहेत. मनीषाचा फोन, "बाबा, बघितलंत?" मागं कंपनीत सगळे ओरडत होते. माझ्या शाळेत आता...

बेल वाजली. या वेळी कोण? लाकडी दाराच्या भिंगातून पाहिलं.
भगवान. डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी, चार जिने चढून धापा टाकतोय. दुपारच्या एसटीनंच निघाला असणार, उतरायच्या आधीच! हरायची एवढी खात्री!
जाळीचं कुलूप हातात घेऊन बघतोय. "गेला वाटतं खरंच शाळंत," असं स्वतःशीच. गप्प बसलो तर पायरीवर जरा टेकेल आणि जाईल. दार उघडलं तर मी त्याला गजाआड दिसणार.
कडी काढली नाही. वही दाराशी आणून उभ्यानंच लिहितोय.
गेला नाही. टोपी काढली. घसा खाकरला. बंद दारासमोर सुरू केली. चौथीतल्या त्याच चालीत. समोरच्यांचं दार उघडलं, कुणीतरी हसलं. तो थांबेना.
दुसरं कडवं झालं.
तिसऱ्यात अडखळला. तिथंच अडखळायचा. पुन्हा मागून घेतोय, पुन्हा तिथंच.
पुढची ओळ मला येते.