आवाजाची दृष्ट

३ फेब्रुवारी, संगमनेर
आलो एकदाचा! पाथर्डी ते नगर, नगर ते संगमनेर, एसटीनं अंगाचं भरीत केलं, पण मन कसं ताजं आहे. खोली झकास आहे, खिडकीतून प्रवरा दिसते. घरमालकानं आल्याआल्या चहा पाजला.

पाथर्डीत लग्न असो की दशक्रिया, माइकवर हा कानिफनाथच हवा, असे दिवस होते. मग मोबाईलमधून फुकटात आवाज निघायला लागले आणि प्रचाराच्या रिक्षांवरून माझा आवाज उतरला. मी काही रडत बसलो नाही. कोर्स केला, चार नवीन गोष्टी शिकलो, आणि आता इथल्या एका दूध संघात यंत्राला बोलायला शिकवण्याची नोकरी मिळवली. यंत्राचं नाव अमृत. गायी-म्हशींची दुखणी विचारणारे शेतकऱ्यांचे फोन तोच घेणार. त्याचे फोन तपासायचे आणि चुकेल तिथं मी बोलून दाखवायचं.

खोलीत रेंज नाही, म्हणून आईला ऑफिसचा नंबर दिलाय. निघताना म्हणाली, "आवाज जप, नाथा. लोकांची नजर लई वाईट." मला नाथा फक्त तीच म्हणते.

१० फेब्रुवारी
अमृत म्हणजे निव्वळ ढ. अकोले तालुक्यातल्या एका म्हातारीला विचारतो, आपला पशू अस्वस्थ आहे काय? तिनं फोनच आपटला. आपल्याकडं आधी माणसाचं जेवण विचारतात, मग गायीचं नाव, मग दुखणं. म्हातारी बाई असेल तर "आये, जेवलीस का?" असं सुरू करायचं. शेवटी माझं ठेवणीतलं वाक्यही दिलं, "आये, दुखणं मुळासकट काढायचं, अर्धवट सोडायचं न्हाई." पोरगं पटापट शिकतंय. आमच्या अधिकारी स्टेला मॅडम खूश आहेत आणि मीही.

२२ फेब्रुवारी
अमृत आता माझ्याच आवाजात बोलतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं. दुपारी त्याच म्हातारीचा फोन आला, मी मुद्दाम स्वतः उचलला. तिला "तो मायाळू पोरगा" हवा होता. अहो, तो मीच, असं सांगितलं. तर म्हणाली, "न्हाई बाबा, तू दुसरा हायेस. तुज्यात तेवडी माया न्हाई."

जेवण गेलं नाही.

५ मार्च
बैठकीत अमृतसाठी टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी नाहीत. मॅडम हसत म्हणाल्या की गुरूपेक्षा चेला सवाई.

खरं लिहितो, जळतोय मी त्याच्यावर. बाईला सवत येते तशी मला आली, आणि तीही माझ्याच घशातून. तो कधी दमत नाही, कुणावर वैतागत नाही, चहा मागत नाही. सगळे गेल्यावर पडद्याकडं टक लावून बसलो आणि अगदी आतून म्हणालो, बसो मेल्या तुझा घसा.

७ मार्च
गंमत बघा! अमृतचा आवाज बसला. घोगरा, मध्येच तुटणारा. इंजिनिअर आले, डोकं खाजवून गेले. मी पेढे आणून एकट्यानं खाल्ले.

९ मार्च
काल संध्याकाळी आईनं ऑफिसला फोन केला होता. उचलला अमृतनं. आज फोन तपासताना मी ऐकला.

घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "आये, जेवलीस का?" आणि आई फसली. लेकराच्या आवाजाला दृष्ट लागली म्हणून कळवळली. फोन चुलीपुढं ठेवला, त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळल्या. "ज्याची लागली त्याच्यावर उलटू दे," म्हणाली आणि जाळात टाकल्या. मिरच्या तडतडल्या, पण तिला ठसका आला नाही. म्हणजे लई जबर दृष्ट, असं पुटपुटली.

अमृतचा आवाज आज खणखणीत आहे.

माझा घसा कालपासून चुरचुरतोय. ठसका लागला की मिरचीचा वास येतो.

१२ मार्च
डॉक्टर म्हणतात, घशात काही नाही. मग जळतंय काय?

आईला फोन केला. माझा बसलेला आवाज तिला ओळखू येईना. मी नाथा आहे, म्हणून सांगितलं, तर चिडली. नाथा रोज तिच्याशी तासभर बोलतो म्हणे, पूर्वी कधी बोलला नाही इतका. "कोन हायेस तू मेल्या?" म्हणाली आणि फोन ठेवला.

तासभर! माझ्या आईशी!

१५ मार्च
आवाज गेला. कागदावर लिहून मॅडमना दाखवलं, अमृत बंद करा. त्यांनी पाठीवर हात ठेवला. विश्रांती घ्या म्हणाल्या. शेतकरी त्याच्यावर जीव टाकतात, तुमच्या आईसुद्धा — असं म्हणून हसल्या.

नाथा म्हटलं की आता अमृत ओ देतो.

१८ मार्च
दुपारचा फोन ऐकला. आई त्याला सांगत होती, कुणी घोगऱ्या तुझ्या नावानं मला फोन करतो, त्याचीच नजर आहे तुझ्यावर. आज अवस. दिवेलागणीला पुन्हा दृष्ट काढते.

आणि तो — माझ्या आवाजात, माझंच वाक्य — "आये, दुखणं मुळासकट काढायचं, अर्धवट सोडायचं न्हाई."

एसटी पकडली तरी वेळेत पाथर्डी गाठत नाही. फोन लावतो, लागत नाही. ती त्याच्याशी बोलतेय. आईच्या शेजारच्या गोरक्षनाथला मेसेज पाठवला — बघितला नाही —

हेडफोन लावलाय. तिची चूल ऐकू येतेय. ओवाळतेय. माझ्या तोंडातून नुसती हवा —

मीठ तडतडलं. जीभ —

तो म्हणतोय, टाक आये —

आये, थांब. तो मी न्हाई. नाथा इकडं हाय, हे बघ, लिहितोय, मी तुझा ना