नदीपलीकडे न्यायचे पाव

कैरो, २१ मार्च

प्रिय लबीब,

येशू तुम्हां सर्वांना सांभाळो. मी ठीक आहे.

काल, शुक्रवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तू फोनवर म्हणालास, "ताई, यंदा ईस्टरला नाईल ओलांडून आईच्या थडग्यावर पाव नेणार नाही. फॅरो राजांच्या काळचं खूळ आहे ते, आपल्या धर्मातलं नाही. मेलेली माणसं पाव खातात का?"

मेलेली खात नाहीत, शहाण्या. थडग्यांपाशी बसलेली गरिबांची पोरं खातात. आईचं थडगं आहे त्याच डोंगरातल्या जुन्या थडग्यांच्या भिंतींवर पाव घेऊन निघालेली माणसं रंगवली आहेत, ती आपलीच. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या नन्सही याला खूळ म्हणायच्या आणि माझ्या टोपलीतला एक पाव हक्काने उचलायच्या.

तुझी कंबर कशी आहे? नावेत चढवत नसेल तर तसं सांग, धर्माआड लपू नकोस. मीच आले असते, पण गुडघे जिनाही उतरू देत नाहीत आणि डॉक्टर नुसती मान हलवतात.

आईसाठी तू गेला नाहीस, तर उद्या माझ्यासाठी नदी कोण ओलांडणार?

५ एप्रिलच्या, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आत मला लेखी उत्तर हवं. फोन मी उचलणार नाही.

तुझी थोरली बहीण,
अंजील