बोटी परत बोलावल्याची बातमी

प्रिय शंकासुर,

मुलीला असुराचं नाव ठेवलं म्हणून तुझी आई पहिल्या भेटीत माझ्याकडे जरा डोळे वटारूनच बघत होती. पण आमच्या विभागात तुझ्याइतक्या शंका ना तुझ्याआधी कुणी काढल्या, ना तुझ्यानंतर. सात वर्षांनी लिहिते आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसती 'हं, हं' करत राहिली असतीस आणि मी मास्तरीण, बोलतच सुटले असते. कागदावर मी जरा शिस्तीत राहते.

आधी इकडची खबरबात. विभाग आता तिसऱ्या मजल्यावर गेलाय. चिनी शब्दकोशांचं ते अजस्र कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं, की ना वर जाईना, ना खाली येईना. अर्धा दिवस सगळे त्याला वळसा घालून, पोट आत घेऊन ये-जा करत होते. नवी मुलं शब्दकोश उघडतच नाहीत, यंत्राकडून भाषांतर करून घेतात. परवा एक जण आनंदानं सांगत आला, "मॅडम, चीनचं आणि जपानचं जुळलं! 'दोन्ही बाजूंनी मोकळेपणानं चर्चा केली' असं निवेदन आलंय." मी म्हटलं, "बाळा, चिनी सरकारच्या भाषेत मोकळेपणानं म्हणजे कडाक्याचं भांडण झालं." शिकवायला अजून मजा येते. आमचे हे निवृत्त झालेत आणि घरातलं प्रत्येक धड चालणारं यंत्र उघडून बसतात.

शब्दांच्या आडचं वाचायचं, मी तुम्हाला हेच तर शिकवलं होतं. चिनी कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र बातम्यांसाठी वाचायचं नाही, शब्दांसाठी वाचायचं. 'चिंता वाटते'पासून 'तीव्र विरोध'पर्यंत एक शिडी असते आणि वरच्या पायरीवर 'आधी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका' हे वाक्य असतं. ते आलं की जाणकार लढाई धरूनच चालतात. ही शिडी मी वीस वर्षं चढत-उतरत होते. माझा अंदाज सहसा चुकत नसे, आणि हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

म्हणून तर त्या वर्षी, शेजारी देशाशी चीनचा मासेमारीच्या समुद्रावरून वाद पेटला तेव्हा, मला तिळमात्र शंका नव्हती. मुखपत्र आठवड्याला एक पायरी चढत होतं. चीन मागे हटणार नाही, असं मी परराष्ट्र खात्याच्या बैठकीत सांगून आले होते आणि तेच सेमिनारमध्ये मांडत होते. तू तिसऱ्या रांगेत होतीस. हात वर करून म्हणालीस, "मॅडम, पण दक्षिणेकडच्या बंदराच्या वर्तमानपत्रात वेगळंच येतंय. बोटींचे परवाने दीड महिना आधीच संपवलेत. बोटी परत बोलावताहेत." मी म्हटलं, "अगं, बोटी जिथं परत येतात त्यालाच बंदर म्हणतात." सगळी खोली खो खो हसली. तू तरी नेटानं म्हणालीस, "वरून हुकूम आल्याशिवाय प्रांतातले अधिकारी असं करणार नाहीत. दम देताहेत तो घरच्यांना ऐकवायला. आतून तडजोड ठरलीय." मी घड्याळाकडे बघून "पुढचा प्रश्न" म्हटलं. तू वही मिटलीस.

अडीच महिन्यांनी करार झाला. अगदी तू म्हणाली होतीस तसा.

अंदाज चुकतात. त्याची मला लाज नाही. चार हजार किलोमीटरवरून बंद दाराआडचं ओळखायचं, तर तोंडावर पडणं हे धंद्यातलंच. पण त्यानंतरचं तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आपण दोघींनी ते कधी उच्चारलं नाही. करारानंतर एका संशोधन नियतकालिकानं माझ्याकडे लेख मागितला. तू प्रबंधाचं तिसरं प्रकरण नुकतंच माझ्या टेबलावर ठेवलं होतंस. त्यात त्या बंदराच्या वर्तमानपत्राच्या अकरा महिन्यांच्या नोंदी होत्या, परवान्यांच्या तारखा होत्या, जेटीच्या दुरुस्तीची निविदासुद्धा होती. मी लेख लिहिला. भाषा माझी होती, मांडणी माझी होती. वर्षानुवर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आले. बोटी तुझ्या होत्या. तळटीपेत मी 'विभागातील चर्चेचा उपयोग झाला' असं लिहिलं. चर्चेचा! माझा सगळ्यांत गाजलेला लेख तोच. आज तो चार देशांत अभ्यासक्रमाला आहे आणि माझ्या दारावरची विभागप्रमुखाची पाटी त्याच लेखानं लावली.

अंक आला त्या आठवड्यात तू माझ्या खोलीत आलीस. मला वाटलं, आता ही भांडणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. तू पीएच.डी.ची नोंदणी रद्द करायचा अर्ज पुढे केलास. कारण लिहिलं होतं, 'घरगुती'. मी चष्मा पुसला, सही केली आणि "काळजी घे" म्हणाले. एक शंका विचारायची माझी पाळी होती, ती मी विचारली नाही.

मागच्या महिन्यात ग्रंथालयात तुझी धाकटी बहीण भेटली. तू यंत्रांच्या कारखान्यात चिनी माहितीपुस्तिका भाषांतरित करतेस, हे तिनं सांगितलं. मग हसत म्हणाली, "ताईचं वेड काही गेलं नाही. अजून सकाळी कामाला निघण्याआधी ते बंदराचं वर्तमानपत्र वाचते. वह्या भरल्यात नुसत्या." मी घरी आले आणि यांना सगळं सांगितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ते म्हणाले, "तू मला का सांगतेस? मी काय त्या मुलीचा पोस्टमन आहे?" हा माणूस फार बोलत नाही, पण बोलला की नेमकं.

तर आता मुद्दा. तो लेख पुस्तकात पुन्हा छापला जातोय. संपादकांना मी गेल्या सोमवारी सगळं लिहून कळवलं, तुझ्या तिसऱ्या प्रकरणाची तारखेसकट प्रत जोडली. विद्यापीठालाही तेच पत्र दिलं आहे. चौकशी होईल, पाटी बहुतेक उतरेल. उतरू दे, शिकवायला पाटी लागत नाही. संपादक दोन नावं छापायला तयार आहेत, तुझं पहिलं. त्यासाठी तुझी सही लागते, फॉर्म सोबत जोडला आहे. सही करायचीच असं नाही. तू नाही केलीस तर लेख पुस्तकातून काढला जाईल, तसं मी लिहून दिलं आहे. माझ्या एकटीच्या नावानं तो यापुढे कुठंही छापला जाणार नाही. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. ही बातमी तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं. फॉर्मवर तिसऱ्या ओळीत सही कर, किंवा फाडून टाक. उत्तर सरळ संपादकांना पाठव, माझ्यामार्फत नको.

तुझीच,
मॅडम